"काही काळजी करू नका"

घर बदलायचं ठरलं की पहिला आठवडा माणूस नव्या घराच्या पडद्यांचा विचार करतो. दुसऱ्या आठवड्यात तो माळ्यावर चढतो आणि पडद्यांचा विषय संपतो. आमच्या माळ्यावर पंख्याची पाती सापडली, पंखा नाही. एका सूटकेसमध्ये दुसरी सूटकेस होती आणि तिच्यात कसल्या तरी चाव्यांचा जुडगा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण विंचवाला माळा नसतो.

तर सामान हलवणारी कंपनी शोधणं आलं. पहिल्याला फोन लावला. "किती खोल्या?" तो म्हणाला. मी म्हटलं, तीन. त्याने तिथल्या तिथे आकडा सांगितला, आणि तो इतका गोड होता की मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात मागची खेप आठवली.

मागच्या खेपेलाही आकडा असाच गोड होता. कंपनीचं नाव काय सांगू, फोनवर एक होतं, पावतीवर दुसरं आणि ट्रकवर तिसरंच. आमच्याशी बोलणाऱ्याकडे ट्रक नव्हता की माणसं नव्हती, फक्त फोन होता. त्याने काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. नव्या घराच्या दारात ट्रक लागला आणि ताडपत्रीच्या दोरीला हात लावायच्या आधी ड्रायव्हर म्हणाला, "सामान ठरल्यापेक्षा जास्त निघालं. फरक द्या, मग उतरवतो." अख्खा संसार ताडपत्रीखाली आणि आपण रस्त्यावर, अशा वेळी कोण घासाघीस करणार? दिला फरक. आधी कमी सांगायचं आणि माल ताब्यात आला की वाढवायचं, ही या धंद्यातली जुनी चलाखी आहे हे नंतर कळलं. तिला फट मिळते ती "किती खोल्या"मधूनच.

कारण ट्रकला खोल्या कळत नाहीत, घनफूट कळतात. तीन खोल्यांत एखादा माणूस गादी आणि गिटार घेऊन राहतो, आणि त्याच मापाच्या तीन खोल्यांत आमच्यासारखे लोक चार कपाटं पुस्तकं कोंबून राहतात. पुस्तकांचं तर वेगळंच गणित. दीड फूट लांब, रुंद आणि उंच खोकं जेमतेम साडेतीन घनफुटांचं. पण ते पुस्तकांनी गच्च भरा, वजन ५० किलोच्या वर जातं आणि तळ फाटतो. म्हणून पुस्तकं लहान खोक्यांत आणि उशा मोठ्या खोक्यांत. आम्ही तेव्हा नेमकं उलट केलं होतं. घर न बघता सांगितलेला आकडा हा अंदाजही नसतो, नुसतं आमिष असतं.

दुसरा निदान घरी आला. दारातच उभा राहून त्याने एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पाहिलं. सोफा जिन्यातून उतरेल का? "होऊन जाईल." काचेचं कपाट? "होऊन जाईल." मोडतोड झाली तर? "काही काळजी करू नका, मॅडम." मी त्या क्षणापासून काळजी करायला लागले.

तिसरा माणूस चेहऱ्यावरूनच दुःखी होता. आल्या आल्या त्याने मोजपट्टी काढली, जिना मोजला, मग सोफा मोजला, मग पुन्हा जिना. पलंगाचे स्क्रू वाकून बघितले. स्टूल मागून माळ्यात डोकं घातलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. खाली उतरून विचारायला लागला: नव्या घरी लिफ्ट आहे का, असली तर सामानाला चालते का, ट्रक दारापर्यंत येतो की कोपऱ्यावर थांबतो. कोपऱ्यावर थांबला तर तिथून वाहून न्यायचे पैसे वेगळे, ते आत्ताच लिहितो म्हणाला. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या. आडवा न्यायची वेळ आलीच तर तिकडे उभा करून काही तास चालू करू नका, कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. थिनरची बाटली आणि रंगाचा अर्धा डबा नेणार नाही म्हणाला. मग वॉशिंग मशीनच्या मागे वाकून त्याने विचारलं, "याचे बोल्ट कुठे ठेवलेत?"

कसले बोल्ट? समोरून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम आत झुलता असतो. प्रवासात तो आपटू नये म्हणून कारखान्यातून मागे लांब बोल्ट लावून येतात. मशीन बसवताना ते काढायचे आणि जपून ठेवायचे. "जपून" हा शब्द त्याने माळ्याकडे बघत उच्चारला.

"हा काम घ्यायला आलाय की टाळायला?" तो गेल्यावर नवरा म्हणाला. मला मात्र हायसं वाटत होतं. इतके दिवस एकटी वाहत असलेली काळजी कुणीतरी अर्धी उचलली होती.

त्याचा आकडा तिघांत मोठा होता. पण लेखी होता, जिने आणि पलंग सोडवण्या-जोडण्यासकट. ट्रकमध्ये दुसऱ्या कुणाचं सामान असेल का, वाटेत माल एका गाडीतून दुसरीत जाईल का, हे मी विचारायच्या आधीच त्याने लिहिलं होतं. विम्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "कंपनीची जबाबदारी वेगळी, विमा वेगळा." जबाबदारी काही करारांत वजनावर ठरते. त्या हिशेबाने आमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू नवऱ्याचे डंबेल्स निघाले, टीव्ही त्यांच्यापुढे कस्पट. विम्यातही मेख असते. सामानाची किंमत निम्मी दाखवून हप्ता वाचवला, तर फुटलेल्या आरशाची भरपाईही निम्मीच हातात पडू शकते. आणि जे खोकं आपण स्वतः भरलं, त्याच्या आत काही फुटलं तर पुष्कळदा कुणीच बांधील नसतं.

इंटरनेटवरचे पाच तारेही मी चाळले. एकाच आठवड्यात वीस जणांना एकाच शब्दांत आनंद झालेला दिसला, की ती कंपनी सोडून द्यायची. दोन-तीन तारेवाले मात्र मनापासून लिहितात, आणि कंपनीने त्यांना काय उत्तर दिलंय ते वाचण्यासारखं असतं.

भरायच्या दिवशी प्रत्येक खोक्यावर नंबर पडला आणि यादीत प्रत्येक वस्तूची अवस्था. "टेबल: डावा पाय हलतो. कपाट: दारावर पोचा." माझ्या संसाराची अशी जाहीर उलटतपासणी होताना जरा राग आला. तरी सही केली. उद्या पोचा वाढला तर हाच कागद कामाला यायचा होता. तिकडे पोचल्यावर "सर्व सामान सुस्थितीत मिळाले" या ओळीखाली सही मागितली, तेव्हा मीही शिकले होते. लिहिलं, "६४ खोकी मोजून घेतली, उघडून पाहिलेली नाहीत." दुःखी माणसाने ते वाचलं आणि पहिल्यांदाच थोडासा हसला.

बोल्ट सापडले होते, सूटकेसमधल्या चाव्यांच्या जुडग्यात अडकलेले. नव्या घरी मशीन जागेवर बसल्यावर त्याने ते काढले, पिशवीत घातले आणि चिकटपट्टीने मशीनच्याच पाठीला चिकटवून टाकले. "पुढच्या वेळी शोधायला नको."

"आता पुढची वेळ नाही," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला, आणि त्याने चिकटपट्टीचा आणखी एक पट्टा लावला.