घरात कुणाला पुरळ नाही ना?

हळदीकुंकवाला यायच्या आधी मी फोन करून विचारते, "घरात कुणाला ताप, पुरळ काही नाही ना?" काहींना ते लागतं. दांडिया बाजारातल्या आमच्या भिशीत एकीने तर सरळच विचारलं, "एवढं काय भ्यायचं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. माझ्याच लिम्फोसाइट पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खातात. त्यावर मी रोज फिंगोलिमॉडची ०.५ मिलिग्रॅमची कॅप्सूल घेते. ती या पेशींना लसिकाग्रंथींतच अडवून ठेवते. मेंदू वाचतो, पण रक्तात त्या थोड्याच उरतात. रिपोर्टमध्ये त्या आकड्यापुढे दर वेळी खाली वळलेला बाण असतो. आणि कांजिण्या-नागिणीचा विषाणू आवरायला याच पेशी लागतात.

औषधाआधी डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?" आईला कडुलिंबाचा पाला अंथरलेली गादी आठवत होती, तिच्यावर मी होते की दादा, ते काही केल्या आठवेना. तपासणीत कांजिण्यांविरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या नाहीत, म्हणजे संरक्षण नव्हतं. मग लशीचे दोन डोस. ती जिवंत विषाणूची लस, औषध चालू असताना देत नाहीत. त्यानंतर आणखी महिनाभर थांबायचं, तेव्हा कुठे पहिली कॅप्सूल. पाय बधिर होत असताना ते थांबणं फार जड गेलं. पण तो प्रश्न विचारला गेला, हे उपकारच.

"मग सोडून दे ना औषध," असं प्रेमाने सांगतात. कृपा करून कुणालाच सांगू नका. आपल्या मनाने बंद केलं तर आजार उसळून येऊ शकतो. याच आजारावरचं नटालिझुमॅब हे दुसरं औषध २००५ मध्ये बाजारातून काढून घेतलं होतं, जेसी विषाणूमुळे मेंदूला होणारा पीएमएल हा गंभीर संसर्ग काही रुग्णांत दिसला म्हणून. २००६ मध्ये ते कडक देखरेखीखाली परत आलं, कारण रुग्णांना त्याची गरज होती.

कांजिण्या फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, थेट सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. लस घेतली तरी पुरती हमी नसते. म्हणून मुलांच्या वर्गात कुणाला आल्यात का, हेही विचारते.

गेल्या गणपतीत शेजारच्या वहिनींनी जिन्याखालूनच हाक मारली, "वर येत नाही हो, धाकट्याच्या पोटावर दोन पाण्याचे फोड दिसतायत." मोदकांचा डबा परत घेऊन त्या वळल्या. मी वरूनच हात जोडले.