तेविसावा, आणि त्याचा कोच एकविसावा

पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळची गोष्ट. कॉलेजच्या ग्रुपवर रोइंगवाल्या, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यतीतल्या, बलराज पंवारचा निकाल आला: सिंगल स्कल, तेविसावा. खाली लगेच एकाचं, "तेविसावं यायला एवढ्या लांब कशाला जायचं?" हा गडी बोट क्लबवर माझ्याच मागच्या सीटवर बसायचा, म्हणून जास्त झोंबलं.

मी एवढंच लिहिलं: त्याचा कोच बीजिंगला एकविसावा आला होता.

कोच म्हणजे बजरंग लाल ताखर. राजस्थानातल्या सीकरचा, राजपुताना रायफल्सचा जवान. २००६ला दोहाच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, २००८ला बीजिंग ऑलिम्पिक, आणि २०१०ला ग्वांगझूत सुवर्ण. रोइंगमधलं भारताचं ते पहिलं आशियाई सुवर्ण. २०१३ला पद्मश्री. बलराज हरियाणातल्या कर्नालचा, तोही लष्करातलाच, आणि तयार झाला तो आपल्या पुण्यात, लष्कराच्या रोइंग नोडमध्ये, म्हणजे प्रशिक्षण केंद्रात. पॅरिसला रोइंगमध्ये भारताचा तो एकटाच होता.

सिंगल स्कल म्हणजे माणूस एकटा, दोन हातांत दोन वल्ही, अंतर २००० मीटर. सीट रुळांवर मागेपुढे सरकते. लोकांना वाटतं दंडाची ताकद, पण खरा जोर मांड्यांचा. बोट इतकी अरुंद की नुसतं वळून बघितलं तरी कलते. क्लबवर आपापसात लावलेल्या शर्यतीत माझं डावं वल्हं पाण्यात रुतलं आणि मी थेट जलपर्णीत. वास दोन दिवस गेला नाही.

आणि बसायचं उलटं, पाठ फिनिशकडे. पुढे असलेल्याला बाकीचे सगळे दिसतात, मागे पडलेल्याला नुसतं रिकामं पाणी. ग्वांगझूत ताखरला सगळे दिसले. बीजिंगला मात्र त्याची शेवटची शर्यत होती डी फायनल, म्हणजे एकोणीस ते चोवीस क्रमांक ठरवणारी, त्यात तिसरा. सोळा वर्षांनी बलराजचीही डी फायनलच, सहांत पाचवा. म्हणजे त्याच्या नजरेसमोर एकच बोट. ७ मिनिटं २ सेकंद ती एक बोट बघत ओढत राहायचं. हे ज्याला माहीत आहे असा माणूस त्याच्याकडे होता. मला तर हेवाच वाटला.

ग्रुपवर बराच वेळ सामसूम. मग त्याच गड्याचा मेसेज आला:

"तू जलपर्णीत पडलास तेव्हा कितवा आला होतास रे?"

"कुणी मोजलंच नव्हतं," मी लिहिलं.