लेव्हल ८ची भानगड

'मावशी, थिसिसचं नाव काय टाकू?' असा भाचीचा मेसेज आला तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाला जायचा तो मला आलाय. पोरगी आत्ता कुठे आयर्लंडमधून ऑनर्स डिग्री घेऊन बाहेर पडलीय, थिसिस कसला? मग तिने स्क्रीनशॉट पाठवला. इंग्लंडमधल्या एका नोकरीचा ऑनलाइन फॉर्म, त्यात शिक्षणाची लेव्हल निवडायचा ड्रॉपडाऊन, आणि हिच्या डिग्रीबरोबर मिळालेल्या कागदावर स्वच्छ छापलंय लेव्हल ८, म्हणून हिने बापडीने ८ निवडलं. तर फॉर्म लगेच प्रबंधाचं शीर्षक आणि गाइडचं नाव मागायला लागला.

चूक तिची नव्हतीच. आयर्लंडच्या शिक्षणाच्या चौकटीत एकूण १० पायऱ्या, त्यात ऑनर्स बॅचलर ८वर, मास्टर्स ९वर आणि पीएचडी १०वर. मधला समुद्र ओलांडून इंग्लंडात आलं की पायऱ्या संपतात ८लाच, तिथे बॅचलर ६, मास्टर्स ७ आणि ८ म्हणजे थेट पीएचडी. बरं म्हणून इंग्लंडचं पाठ करून ठेवाल तर त्याच बेटावर वर स्कॉटलंडमध्ये १२ पायऱ्या आहेत, ऑनर्स १०वर, डॉक्टरेट १२वर. ऑस्ट्रेलियात परत १०, पण तिथे साधी बॅचलर ७ आणि त्यावरचं ऑनर्सचं वर्ष ८. आकडा तोच, अर्थ देशागणिक वेगळा. युरोपातल्या अशा चौकटींची एकमेकांशी सांगड घालायला तिथे एक सामायिक ८ पायऱ्यांची चौकट केलीय, आणि तिच्यात आयर्लंडचा ८ म्हणजे ६. म्हटलं बाई, ६ टाक. तर म्हणे, 'एका फॉर्मपायी दोन लेव्हल खाली?'

हसून झालं, पण मग मी त्या रात्री जे वाचत बसले ते दोन वाजेपर्यंत, कारण नावांचा घोळ तर आकड्यांपेक्षा भारी आहे. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत, एडिनबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज वगैरे, आर्ट्सची पहिली चार वर्षांची डिग्रीच 'एमए' म्हणून मिळते. म्हणजे नाव मास्टर्सचं आणि माल बॅचलरचा. ऑक्सफर्डचं त्याहून मजेशीर, तिथे बीए झालेल्याला प्रवेश घेतल्यापासून २१ टर्म, म्हणजे ७ वर्षं उलटली की एमए घेता येतं, ना अभ्यास ना परीक्षा, नुसतं वय वाढवायचं. केंब्रिजलाही अशीच पद्धत आहे. फ्रान्समध्ये 'बाकालोरेआ' म्हणजे नावाने बॅचलरचा भाऊ, पण ती शाळा सोडतानाची परीक्षा, आपल्या बारावीसारखी. तिथे लोक डिग्रीचं नाव बाजूला ठेवून 'बाक अधिक ३', 'बाक अधिक ५', 'बाक अधिक ८' असंच बोलतात, ३ म्हणजे लिसांस, त्यांची बॅचलर, ५ म्हणजे मास्टर, ८ म्हणजे डॉक्टरेट. मला विचाराल तर सगळ्या जगात शहाणपणाची पद्धत हीच, शाळेनंतर किती वर्षं शिकलास ते सांग आणि मोकळा हो.

इटलीत तीन वर्षांची लाउरेआ, म्हणजे तिकडची बॅचलर, घेतली की माणूस कायदेशीरपणे 'दोत्तोरे' होतो. विशीतली मुलं डॉक्टर! तिकडे पीएचडी हा प्रकारच मुळी १९८० साली सुरू झाला, मग पीएचडीवाल्यांना वेगळं ओळखू यावं म्हणून त्यांचं नाव 'संशोधनाचे दोत्तोरे'. नेदरलँड्समध्ये जुन्या पद्धतीत विद्यापीठाची पूर्ण डिग्री झाली की नावाआधी 'डीआरएस' लागायचं, डॉक्टरांडस, म्हणजे डॉक्टर व्हायचा बाकी असलेला. परक्या माणसाला ते इंग्रजी डॉक्टरचं अनेकवचन वाटणार, म्हणजे एका डॉक्टरेटवर समाधान न झाल्याने दोन-तीन केल्यात.

आणि एमडी. भारतात आधी साडेचार वर्षं एमबीबीएस, वर इंटर्नशिप, मग तीन वर्षांचं एमडी, म्हणजे स्पेशालिस्ट. अमेरिकेत एमडी ही डॉक्टर व्हायची पहिलीच डिग्री, फक्त ती चार वर्षांच्या बॅचलरनंतर मिळते. इंग्लंडमध्ये डॉक्टर होतात एमबीबीएस करून, आणि एमडी म्हणजे रिसर्चची डिग्री. तीन देशांचे तीन एमडी एका टेबलावर बसवले तर ओळख करून देतानाच अर्धा तास जाईल.

बरं नाव सोडा, वर्षं मोजू म्हटलं तर तेही सरळ नाही. १९९९मध्ये इटलीतल्या बोलोन्याला २९ युरोपियन देशांनी मिळून ठरवलं की डिग्र्या एकमेकांशी जुळतील अशा करायच्या, त्यातूनच पुढे बॅचलर, मास्टर्स, डॉक्टरेट हे तीन टप्पे पक्के झाले. क्रेडिटचा हिशोब असा की फुलटाइम एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, नुसती लेक्चर नव्हे, घरी बसून डोकं फोडलं ते पण धरून. बॅचलरला १८० ते २४०. अमेरिकेत बॅचलर चार वर्षांची आणि क्रेडिट मात्र १२०. घाईत बघितलं तर वाटतं अमेरिकेत अभ्यास कमी! प्रत्यक्षात तिकडचं क्रेडिट युरोपच्या दोन क्रेडिटएवढं, वर्षाला ३० विरुद्ध ६०. लिटर आणि गॅलनसारखं आहे हे.

मग तीन वर्षांची डिग्री चार वर्षांच्या बरोबरीची का, हा भांडणाचा मुद्दा. यात लोक एक गोष्ट विसरतात, डिग्री सुरू व्हायच्या आधी काय झालं होतं? इंग्लंडचा मुलगा शाळेतच शेवटची दोन वर्षं बहुतेक वेळा तीनच विषय खोलात शिकून येतो आणि विद्यापीठात पहिल्या दिवसापासून फक्त त्याचा विषय. अमेरिकेत पहिल्या दोन वर्षांत इतिहास, निबंध, गणित, विज्ञान असं सगळं थोडं थोडं, मुख्य विषयाची खरी सुरुवात नंतर. मग कोण जास्त शिकला? मला तर दोन्ही बरोबरच वाटतात, पण माझं कोण ऐकतंय. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नियमात तर हिशोब लिहूनच ठेवलाय, कॉलेजचं एक वर्ष कमी पडत असेल तर त्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवा. भारतातही इंग्लंडची एका वर्षाची मास्टर्स कित्येक वर्षं अडून बसायची, कारण इकडची दोन वर्षांची. जुलै २०२२मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला तेव्हा तो प्रश्न सुटला, तोही इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, वकिली, आर्किटेक्चर वगळून.

पीएचडी तरी सगळीकडे सारखी असेल ना? तर अमेरिकेत बॅचलरनंतर थेट शिरता येतं पण आधी कोर्सवर्क, मग मोठी परीक्षा, मग प्रबंध, पाच-सहा वर्षं सहज जातात. इंग्लंडात पहिल्या दिवसापासून प्रबंध आणि तीन-चार वर्षांत बाहेर. रशियात पीएचडीच्या तोडीची डिग्री म्हणजे 'कँडिडेट ऑफ सायन्सेस', नावात बिचारा उमेदवारच, डॉक्टर ही त्याच्याही वरची पायरी.

सगळ्यात रडवतात ते मार्क. जर्मनीत १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास, ५ म्हणजे नापास. बाहेरचे मार्क तिकडे बदलायला एक फॉर्म्युला आहे, सुधारित बव्हेरियन म्हणतात त्याला: जास्तीत जास्त मार्कांतून तुमचे वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग याने भागा, ३ने गुणा, वर १ मिळवा. समजा १००पैकी ६२ आणि पासिंग ४०, तर ३८ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.९. आता तेच ६२, पण तुमच्या विद्यापीठात पासिंग ५०. उत्तर ३.२८! म्हणजे कडक विद्यापीठात शिकलात आणि तेवढेच मार्क मिळवलेत तर ग्रेड उलट खराब. आणि तिकडच्या मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी २.५ किंवा त्याहून चांगली लागते. मी हे गणित दोनदा करून पाहिलं, वाटलं माझंच चुकतंय.

यात थोडा दिलासा देणारी एक गोष्ट म्हणजे १९९७चा लिस्बनचा करार. त्यात सही केलेल्या देशांनी एकमेकांच्या डिग्र्या मानायच्या, आणि नाकारायची असेल तर दोन्हींत मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचं, विद्यार्थ्याने नाही. सिद्ध करायचं ओझं कुणाच्या डोक्यावर, यावर किती फरक पडतो हे ज्याने एकदा तरी कागदांची फाइल घेऊन रांगा लावल्यात त्यालाच कळेल.

तर भाचीने ६ टाकलं आणि फॉर्मने थिसिसचा हट्ट सोडला. पुढच्या पानावर क्लास विचारला होता. तिला ६४ टक्के, म्हणजे त्यांच्याकडे 'टू-वन', सेकंड क्लासमधला वरचा भाग, तिथे फर्स्ट ७०पासून सुरू होतो. नोकरी देणारे बरेच जण टू-वन मागतात, त्यामुळे ही एकदम खूश. आजी शेजारीच बसली होती, तिच्या कानावर फक्त 'सेकंड क्लास' एवढंच पडलं. ६४ला तर आमच्या वेळी फर्स्ट क्लास देत, असं म्हणून तिने चष्मा काढला आणि मला हळूच विचारलं, 'तिकडे इम्प्रूव्हमेंटला परत बसता येत नाही का गं?'