आजारी पड रे बाबा!

मित्र भेटला की ‘तब्येत बरी ना?’ असं विचारावं, ही जगाची रीत. अलेक्सांदर बोरोदिन या एकोणिसाव्या शतकातल्या रशियन संगीतकाराचे मित्र मात्र त्याला आजारपण चिंतायचे. त्यानं स्वतःच हे एका पत्रात लिहून ठेवलंय. सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यकीय अकादमीत तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक. हिवाळाभर तास, परीक्षा, कमिट्या. शिकवायला उभंच राहवेना अशी तब्येत बिघडली, की मगच संगीत लिहायला सवड!

त्याचा संगीतकार मित्रांचा सगळा कंपूच असा, पोटापाण्याला दुसराच धंदा. म्युसॉर्ग्स्की सरकारी कारकून. क्युई किल्ल्यांची तटबंदी शिकवता शिकवता जनरल झाला. रिम्स्की-कॉर्साकोव आरमारातला; 1871 मध्ये कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, प्राध्यापक झाला आणि विद्यार्थ्यांच्या चार पावलं पुढे राहायला घरी गुपचूप स्वरशास्त्र घोकू लागला. (मास्तरकी केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

पण माझा जीव बोरोदिनवर. त्याचं घर प्रयोगशाळेला लागूनच. पियानो वाजवता वाजवता मध्येच उठून हा काचेच्या भांड्यात काय शिजतंय ते बघायला पळणार. घरात नातेवाइकांचा राबता, बायकोला दम्याचा त्रास, आणि मांजरं! जेवणाच्या टेबलावर ती खुशाल ताटांमधून फिरायची. त्यांतल्या एकाचं नाव ‘कोळी’, कारण ते बर्फातल्या भोकात पंजा घालून मासे पकडायचं. रिम्स्की-कॉर्साकोवनं आठवणींत या मांजरांबद्दल लिहिलंय, तेव्हा वैताग आणि माया यांतलं जास्त काय होतं ते सांगणं कठीण.

1869 मध्ये बोरोदिननं ‘प्रिन्स इगॉर’ हा ऑपेरा हाती घेतला. दहा वर्षांनी त्यातली पोलोव्त्सी (या भटक्या टोळ्यांची) नृत्यं मैफलीत वाजणार म्हणून जाहीर झालं, तरी वाद्यवृंदासाठी ती लिहून तयार नाहीत! शेवटी तो, रिम्स्की-कॉर्साकोव आणि संगीतकार ल्यादोव असे तिघं रात्री बसले. वेळ वाचावा म्हणून पेन्सिलीनं लिहायचं, अक्षर पुसू नये म्हणून बोरोदिननं कागदाला पातळ जिलेटिन फासायचं आणि ते कागद खोलीत दोरीवर वाळत घालायचे. रसायनशास्त्र असं उपयोगी पडलं.

तो पूर्णवेळ संगीतकार असता तर, असं हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. अल्डॉल अभिक्रियेवरचं (कार्बनी रेणू एकमेकांना जोडण्याची एक रीत) त्याचं काम रसायनशास्त्रात आजही मानलं जातं, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावं म्हणून तो झटला. ही काही वाया गेलेली वर्षं नव्हेत. आणि सुट्टी मिळाली की काय व्हायचं, तेही दिसतंच. 1881 च्या उन्हाळ्यात त्यानं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) लिहून बायकोला अर्पण केलं. त्यातलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांत भावाचा भाग, चेलोवर (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) सुरू होतं. तो स्वतः हौशी चेलोवादक. घाई म्हणून कुठे नाही.

1887 मध्ये अकादमीतल्या एका वेषांतराच्या नृत्यसमारंभात गप्पा मारता मारता तो कोसळला आणि गेला. वय 53. अठरा वर्षं चाललेला ‘प्रिन्स इगॉर’ अर्धवटच. रिम्स्की-कॉर्साकोव आणि तरुण संगीतकार ग्लाझुनोव यांनी तो पुरा केला. ओव्हर्चर, म्हणजे ऑपेराच्या सुरुवातीचं वाद्यसंगीत, बोरोदिननं नुसतं पियानोवर वाजवलेलं. ते ग्लाझुनोवनं आठवणीतून उतरवलं म्हणे. नेमकं कुणाचं किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. मी आपला पोलोव्त्सी नृत्यं लावतो, ती तरी नक्की त्याची म्हणून. अर्थात त्या रात्री पेन्सिली तिघांच्या हातात होत्या.