कंपाउंडलगतच्या अडीच फुटी पट्टीत काय लावावं

पुण्या-नाशिककडच्या रो-हाऊसना आणि जुन्या बंगल्यांना कंपाउंडच्या भिंतीलगत दोन-तीन फूट रुंदीची मातीची पट्टी हमखास असते. नर्सरीत गेलं की लोक विचारतात, ‘किती उंच होईल?’ या पट्टीसाठी विचारायचं ते रुंदीचं. शेंडा वर्षातून एकदा छाटला तरी भागतं. आडव्या फांद्या मात्र पावसाळाभर वाट अडवतात, गाडीला घासतात, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतात.

भिंतीपासून खोडाचं अंतर पूर्ण वाढलेल्या झुडपाच्या घेराच्या निम्मं तरी हवं. अडीच फुटी पट्टीत मधोमध रोप लावलं तर दोन्ही अंगांना सव्वा-सव्वा फूट मिळतं. तेवढ्यात मावणारं झुडूप निवडायचं, नाहीतर बाजूने कापलेलं चालणारं.

आणि कापलेलं चालणं म्हणजे नुसतं जिवंत राहणं नव्हे, कापल्यावर फुलंही यायला हवीत. एक्झोऱ्याचा गुच्छ फांदीच्या टोकाला येतो. माळ्याने दर महिन्याला कात्रीने सपाट केला की हिरवी भिंत उरते, गुच्छ एकही नाही. म्हणून एक्झोरा घ्यायचा तर दोन फुटांच्या आत राहणारा बुटका, बारीक पानांचा घ्यावा आणि फुलून गेलेली टोकं तेवढी खुडावीत. अनंताच्या कळ्या आधीच तयार झालेल्या फांद्यांवर धरतात, त्यामुळे त्याची छाटणी बहर संपल्या संपल्या उरकायची; उशीर केला तर पुढचा बहरच कापला जातो. कुंती मात्र जुन्या लाकडातूनही फुटते आणि अरुंद जागेतल्या कुंपणासाठी तिच्या तोडीचं झुडूप आपल्याकडे क्वचितच आहे. रोपं दीड-दोन फुटांवर एका ओळीत लावा, रुजल्यावर एक फुटावर शेंडा मारा, म्हणजे फांद्या तळापासून फुटतील. कुंपण तळाशी रुंद आणि वर निमुळतं कापायचं. सरळ उभं किंवा वर फुगीर ठेवलं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, आणि दोन-तीन वर्षांत तळाशी उघड्या काटक्या दिसायला लागतात. एक खबरदारी मात्र घ्या: लिंबू-संत्र्यावरची सिट्रस सिला ही कीड कुंतीवर आणि कढीपत्त्यावरही पोसते. जवळ लिंबू असेल तर कुंतीची कोवळी पालवी नियमित तपासा. संत्र्याच्या बागांच्या पट्ट्यात कुंतीचं कुंपण नकोच.

साधी तगर मोकळी सोडली तर माणसाच्या डोक्यावर जाते आणि तेवढीच पसरते. पट्टीसाठी ठेंगू तगर घ्या. ती दोन-तीन फुटांत राहते, अर्धवट सावलीतही बऱ्यापैकी फुलते, चीक असल्यामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

उन्हाचा अंदाज घेताना मोठी फसगत होते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. म्हणजे पाच फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे साडेचार फूट पडते. भिंतीच्या उत्तरेला असलेल्या तुमच्या अडीच फुटी पट्टीला थंडीत दुपारचं ऊन मिळतच नाही. तीच पट्टी मेमध्ये पाहिली तर रणरणत्या उन्हात असते, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. रोपं आणायला लोक नेमके मे-जूनमध्ये जातात आणि ‘भरपूर ऊन आहे’ असं सांगून जास्वंद घेऊन येतात. अशा जागी अबोली, क्रोटन, ठेंगू तगर, कवठी चाफा यांचा विचार करा. पश्चिमेकडून ऊन घेणारी भिंत एप्रिलमध्ये संध्याकाळपर्यंत तापलेली असते. तिथे कण्हेर आणि डाळिंब तग धरतात. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर नको. डाळिंबाला काटे असतात आणि बुडातून धुमारे येतात. ते वेळोवेळी काढावे लागतात.

मातीबद्दल थोडं. भिंतीलगत खणलं की विटांचे तुकडे, चुना, सिमेंटचा चुरा निघतो. त्यात काळी माती मुळातच अल्कधर्मी. मग एक्झोरा आणि अनंताची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे. माळी पाणी वाढवतो, त्याने ती आणखी बळावते. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पण हा तात्पुरता इलाज. राडारोडा काढून माती बदलायची नसेल तर एक्झोरा-अनंताचा हट्ट सोडावा.

लहान झाडांत पारिजातक माझ्या मते सगळ्यात वरचा. दहा-बारा फुटांवर आवरता येतो, नव्या फुटीवर फुलतो, म्हणून बहर संपल्यावर निर्धास्त छाटा. पाणी साचलं की मात्र दगावतो. प्लुमेरिया पुडिका हा चमच्यासारख्या पानांचा पांढरा चाफा सरळ उभा वाढतो. छाट कलम आठवडाभर सावलीत सुकवून, चीक वाळल्यावरच लावा, नाहीतर बूड कुजतं. कढीपत्त्याचे मुळांतून फुटणारे धुमारे फरशीच्या फटींतून वर येतात, हे मान्य असेल तरच लावा.

उंच अशोक आणि फायकस या पट्टीत अजिबात लावू नका. अशोक रोपवाटिकेत काठीसारखा सडपातळ दिसतो, पण त्याचं बुंध्याजवळचं खोड फुगत भिंतीला टेकतं आणि भिंत बाहेर ढकलतं. फायकसची मुळं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरतात. शिवाय शहरी भागात 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे खासगी जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. म्हणजे चूक दिसल्यावर कुऱ्हाड आणता येतेच असं नाही.

लागवडीला झुडपांसाठी दीड फूट, झाडांसाठी दोन फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा मेमध्ये खणून तापू द्या. दोन भाग चांगली माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि खड्ड्यामागे 100 ते 200 ग्रॅम निंबोळी पेंड भरा. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोपं लावा. पिशवी फाडल्यावर मुळं गोल फिरलेली दिसली तर धारदार सुरीने तीन बाजूंनी उभी चीर द्या. सहा फुटी महागड्या रोपापेक्षा दोन फुटी रोप लवकर रुजतं.

वीस फुटी पट्टीची एक मांडणी: एका टोकापासून तीन फुटांवर पारिजातक, नऊ आणि पंधरा फुटांवर एकेक प्लुमेरिया पुडिका, मधल्या जागेत साधारण दीड फुटावर ठेंगू तगर, अशी नऊ रोपं. झुडपाला ताशी 4 लिटरचा एक ड्रिपर, झाडाला दोन. पालापाचोळ्याचं आच्छादन दोन इंच घाला, खोडाला मात्र चिकटू देऊ नका.