आज आईने मला 'ताई' म्हटलं

सकाळपासून आई चादरीची कड बोटांनी चुरगाळत बसली होती. परवापर्यंत नावाने हाक मारायची, आज मला 'ताई' म्हणाली आणि भिंतीवरच्या मुंग्या दाखवू लागली. मुंग्या नव्हत्याच. मला वाटलं, विसरभोळेपणा वाढला, संपलं. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली. जंतुसंसर्ग निघाला! ताप नाही, जळजळीची तक्रार नाही, नुसता गोंधळ. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, सहसा महिन्या-वर्षांच्या गतीने हळूहळू सरकतो. एक-दोन दिवसांत माणूस असा बदलला तर ते बहुधा डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या एखाद्या बिघाडामुळे अचानक उडालेला मनाचा गोंधळ, असतं. त्यामागे संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, एखादं नवं औषध, काहीही असू शकतं. (मी मात्र दोन दिवस तिच्यावरच चिडत होते.) अँटिबायोटिक सुरू झालंय. आत्ता झोपलीये. चादरीची कड अजून मुठीतच आहे.