तुम्ही विचारलंत म्हणून: पोटनिवडणुकीत देश दिसतो का?

पोटनिवडणुकीचा निकाल लागला की संध्याकाळपर्यंत हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी सोसायटीच्या जिन्यात, तर कधी लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरून. "तुम्ही एवढे आकडे बघता, मग सांगा, आता देशात काय होणार?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. त्याचा पक्ष जिंकला असेल तर शितावरून भाताची परीक्षा झालेली असते. हरला असेल तर "एका जागेनं काय होतंय!" मी फक्त शिक्का मारायचा असतो.

तर माझं उत्तर असं: कोण निवडून आलं यावरून देशाचं फारसं कळत नाही. कोण पडलं, कशामुळे पडलं आणि पडल्यावर त्यानं काय केलं, हे बघितलं तर बरंच कळतं.

नांदेडचंच घ्या. २०२४ च्या जूनमध्ये काँग्रेसचे वसंतराव चव्हाण तिथून लोकसभेवर गेले, ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २० नोव्हेंबरला लागली. तेच केंद्र, तीच रांग, बोटाला तीच शाई, फक्त आत मतदान यंत्रं दोन. लोकसभेला वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. आणि त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीनं घेतल्या! एका यंत्रावरून शेजारच्या यंत्राचा अंदाज बांधता येत नाही, तिथे नांदेडवरून दिल्लीचा कुठून बांधणार?

पुण्यात राहतो म्हणून मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते कसब्याबद्दल. आमदार मुक्ता टिळक यांचं डिसेंबर २०२२ मध्ये निधन झालं. भाजपनं उमेदवारी टिळकांच्या घरात न देता हेमंत रासने यांना दिली, आणि पेठांमधली नाराजी लगेच फ्लेक्सवर आली. १९९५ पासून हा मतदारसंघ ज्यांनी बांधून ठेवला ते गिरीश बापट आजारी होते. तरी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ते केसरीवाड्यातल्या मेळाव्याला आले. चंद्रकांतदादा पाटील भाषणात "हू इज धंगेकर?" म्हणाले. २ मार्च २०२३ ला काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास अकरा हजार मतांनी जिंकले आणि "धिस इज धंगेकर" चे फलक झळकले. पेठेत उत्तर द्यायला वेळ लावत नाहीत.

त्या रात्री वाहिन्यांवर २०२४ चा निकाल जवळजवळ लागलेलाच होता. प्रत्यक्षात २०२४ ला धंगेकर लोकसभेला उभे राहिले आणि भाजपच्या मुरलीधर मोहोळ यांच्याकडून १,२३,०३८ मतांनी पडले. खुद्द कसब्यातही मागे राहिले. पण त्याच लोकसभेत महाविकास आघाडीनं राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा काढल्या. म्हणजे कसबा पुण्याबद्दल खोटं आणि महाराष्ट्राबद्दल खरं बोलला, असं म्हणायचं का? म्हणाल तर पाचच महिन्यांत विधानसभेला महायुती २८८ पैकी २३० च्या घरात गेली आणि कसब्यात रासने यांनी धंगेकरांना एकोणीस हजारांवर मतांनी हरवलं. पुढे २०२५ मध्ये धंगेकर स्वतःच शिंदेंच्या शिवसेनेत गेले. इतकं लवचिक भाकीत करायला आमच्याकडचे ज्योतिषीसुद्धा लाजतील.

कसब्याच्याच दिवशी चिंचवडचाही निकाल लागला होता, तो फारसा कुणाला आठवत नाही. तिथे भाजपच्या अश्विनी जगताप छत्तीस हजारांच्या आसपास मतांनी आल्या. तिसरे होते महाविकास आघाडीतले अपक्ष बंडखोर राहुल कलाटे, आणि त्यांना मतं होती चव्वेचाळीस हजारांवर. दुसरे, आघाडीचे अधिकृत उमेदवार नाना काटे आणि हे कलाटे यांची बेरीज विजयी मतांपेक्षा जास्त होते. कसब्यात एकास एक लढत आणि चिंचवडला तिरंगी, असे दोन निकाल शेजारी ठेवले की त्या दिवशीची खरी बातमी हातात येते. ती मोदींबद्दल नव्हती, की राहुल गांधींबद्दलही नव्हती. बंडखोर बसवता आला की नाही, एवढीच होती.

(बापट त्याच मार्चच्या २९ तारखेला गेले आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. कायद्यानं सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट मिळते. इथे वर्षापेक्षा जास्त उरली होती. तरी निवडणूक लागली नाही. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं ती ताबडतोब घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. आयोगानं कामाचा व्याप आणि उरलेला तुटपुंजा काळ ही कारणं दिली होती. पुणं वर्षभर खासदाराविना राहिलं, हे आता कुणी विचारतही नाही.)

पडलेल्यानं पुढे काय केलं, हे बघायला २०१८ सारखं वर्ष नाही. मार्चमध्ये योगी आदित्यनाथ यांनी सोडलेली गोरखपूरची जागा समाजवादी पक्षाच्या प्रवीण निषाद यांनी बसपच्या पाठिंब्यावर जिंकली. फुलपूरही गेलं. मेमध्ये कैराना गेलं. झालं, भाजपचा शेवट लिहून तयार! २०१९ ला उत्तर प्रदेशात भाजपला ८० पैकी ६२ जागा मिळाल्या, गोरखपूर तीन लाखांवर मतांनी परत आलं, आणि प्रवीण निषाद? ते भाजपच्याच तिकिटावर संत कबीर नगरमधून खासदार झाले. हरलेल्यानं जिंकलेलाच उचलून नेला. जिंकलेल्यांनी मात्र बेरजेवर विसंबून सप-बसप युती केली आणि ती पंधरा जागांवर थांबली.

आपल्याकडे पालघरला त्याच मे महिन्यात हाच प्रयोग झाला. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचं निधन झालं, त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले, म्हणून भाजपनं काँग्रेसमधून राजेंद्र गावित आणले आणि निवडूनही आणले. वर्षभरात युती झाली. जागा शिवसेनेला सुटली, आणि शिवसेनेनं जागेबरोबर उमेदवारही घेतला: तेच गावित, धनुष्यबाणावर, पुन्हा खासदार. श्रीनिवास वनगांना विधानसभा मिळाली. २०१८ च्या निकालावरून कुणी कितीही डोकं चालवलं असतं, तरी हे निघालं असतं का?

"पण खऱ्या ठरलेल्याही असतात की," असं तुम्ही म्हणाल. असतात. जबलपूरला शरद यादव जयप्रकाशांच्या आंदोलनाचे उमेदवार म्हणून जिंकले आणि १९७७ ला सत्ताच पालटली. पण मला जास्त शिकवलं ते १९८८ च्या अलाहाबादनं. अमिताभ बच्चन यांनी सोडलेल्या जागेवर विश्वनाथ प्रताप सिंह यांनी काँग्रेसच्या सुनील शास्त्रींना हरवलं, आणि पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. हे भाकीत सगळ्यांनी वाचलं. तिसऱ्या क्रमांकावर कांशीराम होते, सत्तर हजारांच्या आसपास मतं घेऊन. सिंह यांचं सरकार वर्षभरही टिकलं नाही. कांशीराम यांच्या पक्षानं पुढची वीसेक वर्षं उत्तर प्रदेशचं राजकारण फिरवलं, चार वेळा मुख्यमंत्रिपद मिळवलं. तो तिसरा आकडा त्या दिवशी किती जणांनी वाचला असेल?

आणि विलेपार्ले. १९८७ च्या डिसेंबरातली एक साधी विधानसभेची पोटनिवडणूक. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू उघडउघड हिंदुत्वाच्या प्रचारावर जिंकले. त्या प्रचारापायी निवडणूक पुढे न्यायालयात रद्द झाली आणि बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाजप त्या निवडणुकीत कुठे होता, हे मात्र विसरलं जातं. भाजपचा पाठिंबा होता जनता पक्षाच्या प्राणलाल व्होरांना. ते पडले. दीड-दोन वर्षांत, १९८९ मध्ये, भाजपनं शिवसेनेशी युती केली आणि ती, मधला खंड सोडला तर, २०१९ पर्यंत चालली.

तेव्हा पुढच्या निकालाला मला फोन कराल तेव्हा विजयी उमेदवाराचं नाव सांगू नका, ते टीव्हीवर असतंच. अख्खा तक्ता पाठवा. तिसऱ्याला किती, बंडखोराला किती, गेल्या वेळेपेक्षा मतदान किती घटलं, घरातला उमेदवार होता का, मुदत किती उरली आहे. आणि उत्तर त्याच संध्याकाळी मागू नका. पडलेला पक्ष दोन-तीन महिन्यांत कुणाला भेटतो, कुणाला पक्षात घेतो, ते बघून मीच तुम्हाला फोन करीन.